न दिसणाऱ्या द्रवाचे गणित

१९१६ साली बर्लिनमध्ये यान चोख्राल्स्की या पोलिश धातुशास्त्रज्ञाने दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात चुकून टाक बुडविला आणि तो उचलताच टोकाला धातूची बारीक तार लागून आली, अशी कथा सांगतात. ही तार म्हणजे एकच अखंड स्फटिक होता. अर्धसंवाहकांसाठी लागणारे सिलिकॉनचे एकस्फटिक आजही बव्हंशी याच रीतीने वाढवितात. क्वार्ट्‌झच्या मुशीत सिलिकॉन सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळवावयाचे, त्यावर बीज-स्फटिक टेकवावयाचा आणि गोल फिरवीत तो सावकाश वर ओढावयाचा.

वर्णन सोपे आहे. अडचण आहे ती मुशीच्या आत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कारण वितळलेले सिलिकॉन धातूप्रमाणे अपारदर्शक असते. चुलीवरील आधणाला खालून आच लागते, या मुशीला मुख्यतः बाजूने. त्यामुळे द्रव भिंतीलगत वर चढतो, पृष्ठभागावरून मध्याकडे सरकतो आणि स्फटिकाखाली बुडी घेतो. उलट, फिरणारा स्फटिक आपल्याखालचा द्रव वर खेचून बाहेर फेकू पाहतो. मूसही बहुधा विरुद्ध दिशेने फिरत असते. या चढाओढीत कोणाची सरशी होते, यावर स्फटिकाची प्रत अवलंबून असते. द्रव मुशीची भिंत झिजवून ऑक्सिजन घेतो; त्यातील बहुतेक पृष्ठभागावरून उडून जातो, उरलेला प्रवाहाबरोबर स्फटिकात शिरतो.

मग काचेच्या भांड्यात पाणी घेऊन प्रयोग का करू नये? तसे प्रयोग झालेही. परंतु श्यानतेमुळे गती पसरण्याची त्वरा आणि उष्णता पसरण्याची त्वरा यांचे गुणोत्तर, म्हणजे प्रांट्‌ल अंक, पाण्यासाठी नेहमीच्या तापमानाला ७ च्या आसपास असतो. वितळलेल्या सिलिकॉनसाठी तो सुमारे ०.०१ असतो. पाणी हा येथे भरवशाचा साक्षीदार नव्हे.

राहता राहिला संगणक. द्रवाचे क्षेत्र बारीक जाळीने विभागून प्रत्येक घरासाठी वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची समीकरणे सोडवितात. गोठण्याची सीमा नेमकी कोठे आहे हे आधी ठाऊक नसते. ती तापमानावरून ठरते, आणि तापमान त्या सीमेवर सुटणाऱ्या सुप्त उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून दोन्ही पुनःपुन्हा सुधारून घ्यावी लागतात. आरंभीच्या गणनांत प्रवाह अक्षसममित मानण्याचा प्रघात होता; संगणकांची कुवतच तेवढी होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात क्ष-किरणांच्या साहाय्याने द्रवातील कणांचा मागोवा घेण्यात आला. अशा निरीक्षणांतून काही परिस्थितींत प्रवाह सममित नसतो असे आढळले. सुबक आकृत्यांवर विसंबणाऱ्यांना हा चांगलाच धडा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही गणनेवाचून गत्यंतर नाही. वाढीचा वेग आणि सीमेलगत स्फटिकातील तापमानाचा उतार यांचे गुणोत्तर निर्णायक असते, असे वोरोन्कॉव्ह यांनी १९८२ साली दाखविले. ते ठराविक मूल्याहून अधिक असेल तर स्फटिकात अणूंच्या रिकाम्या जागा शिल्लक राहतात, कमी असेल तर जादा अणू अडकतात. वेग यंत्रावर वाचता येतो. तप्त सीमेवरील उतार मात्र मुख्यतः गणनेनेच मिळतो. शिवाय कडेला तो मध्यापेक्षा सहसा अधिक तीव्र असतो, त्यामुळे एकाच कांडीत मध्यभागी एक दोष आणि कडेला दुसरा, असे घडू शकते. भट्टीतील उष्णतारोधक कवचे कोठे बसवावीत, हे म्हणूनच आता आधी संगणकावर पडताळून पाहतात.