जांभ्यावरच्या धावपट्ट्या

रेल्वेच्या नोकरीने मला कोकणातून उचलून खरगपूरला नेऊन टाकलं. तिथे लाल माती आणि जांभा पाहून घरी आल्यासारखं वाटलं, एवढंच. सुट्टीच्या दिवसांचं काय करायचं हा प्रश्न मात्र बाकी होता, तो जुन्या विमानतळांनी सोडवला. १९४४ मध्ये अमेरिकेचं त्या काळचं सर्वांत मोठं बॉम्बफेकी विमान, बी-२९ सुपरफोर्ट्रेस, याच मुलखात मुक्कामाला होतं. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, चर्रा, दुधकुंडी ही त्याची ठाणी. हा नाद कुणाला लागलाच, तर उपयोगी पडतील असे चार शब्द.

१. सगळंच बेवारस नसतं. खरगपूरजवळच्या कलाईकुंडाला हवाई दल आजही पूर्ण जोमात आहे. सलुआला सशस्त्र पोलिसांची छावणी आहे. दुधकुंडीला हवाई दल बॉम्बफेकीचा सराव करतं, म्हणजे ती जागा अजून खऱ्या अर्थाने निवृत्त झालेलीच नाही. अशा ठिकाणी कॅमेरा खिशातच ठेवावा आणि जमिनीवर पडलेल्या लोखंडाच्या तुकड्याला पायसुद्धा लावू नये. मोकळेपणाने हिंडायचं असेल तर चाकुलिया, पियारडोबा, चर्रा. पियारडोब्याच्या बाजूला सालाचं जंगल आहे आणि हिवाळ्यात हत्तींचे कळप फिरतात. चहाच्या टपरीवर हत्ती कुठे आहेत हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. टपरीवाल्याला ते वनखात्याच्या आधी कळलेलं असतं.

२. धावपट्टी नजरेने नाही, पायांनी मोजावी. खरगपूरचा फलाट एके काळी जगातला सर्वांत लांब म्हणून मिरवायचा, एक किलोमीटरहून थोडा अधिक. बी-२९ साठी धावपट्टी लागायची साडेसात हजार फुटांची, म्हणजे त्या फलाटाच्या दुपटीहून जास्त. कारण उघड आहे: पंखांचा विस्तार ४३ मीटर आणि भरल्या विमानाचं वजन साठ टनांच्या आसपास. इथल्या बऱ्याच धावपट्ट्या आधी लहान विमानांसाठी होत्या, त्या या पाहुण्यासाठी वाढवल्या. पहिलं बी-२९ चाकुलियाला उतरलं ते २ एप्रिल १९४४ रोजी. आज त्या काँक्रीटवर भात वाळत घातलेलं दिसतं.

३. एकदा तरी एप्रिलच्या दुपारी जावं. पुस्तकात ‘इंजिनं तापत’ असं एक वाक्य असतं, त्याचा अर्थ तेव्हा कळतो. राइट आर-३३५० हे इंजिन २,२०० अश्वशक्तीचं, एका विमानाला अशी चार. सगळं घाईत तयार झालेलं आणि कवचात मॅग्नेशियम, म्हणजे एकदा पेट घेतला की विझवणं कर्मकठीण. भारतात येतानाच कराचीजवळ विमानं पडली आणि काही दिवस सगळा ताफा जमिनीवर थांबवावा लागला. इथे दुपारी पत्र्याला हात लावणं शक्य नसे, म्हणून मेकॅनिक सकाळ-संध्याकाळ काम उरकत. वैमानिकांच्या शौर्यावर कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय. त्या मेकॅनिकांवर कोणी फारसं लिहिलेलं नाही. मी स्वतः कारखान्यातला माणूस, त्यामुळे माझा कल कुणीकडे हे सांगायला नको.

४. पेट्रोलचा हिशेब मांडल्याशिवाय जपानवरच्या हल्ल्यांची ही मोहीम समजत नाही. जपान इथून आवाक्यात नव्हता. म्हणून हिमालयाच्या पूर्व टोकावरून, वैमानिक ज्याला ‘हंप’ म्हणत त्या डोंगररांगांवरून, जवळजवळ १,९०० किलोमीटर दूर चीनमधल्या चेंगडूला जायचं. तिथले विमानतळ चिनी शेतकऱ्यांनी माणसांनी ओढायचे दगडी रूळ फिरवून बांधलेले. जपानवर जायचं पेट्रोल आणि बॉम्बही याच वाटेने आधी वाहून साठवायचे. एका विमानाच्या एका हल्ल्यासाठी हंपवरून कित्येक फेऱ्या. १५ जून १९४४ च्या रात्री जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर ४७ विमानांनी बॉम्ब टाकले. वर्तमानपत्रांत मथळे झळकले, कारखान्याचं मात्र नगण्य नुकसान झालं. रेल्वेत कुणी असा मालवाहतुकीचा प्रस्ताव मांडला असता तर फाईल दुसऱ्या टेबलावरही गेली नसती.

५. धावपट्टीवरून खरगपुरातल्याच हिजलीला जावं. १९३० मध्ये इंग्रजांनी इथे राजबंद्यांसाठी छावणी उघडली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी आतल्या निःशस्त्र बंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त मारले गेले. त्यांचे देह न्यायला सुभाषबाबू स्वतः आले होते. युद्धात याच इमारतीत बी-२९ ताफ्याचं मुख्यालय बसलं आणि १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी इथेच सुरू झाली. आता तिथे संग्रहालय आहे.

युद्धाच्याच सुमाराची आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावी. ऑक्टोबर १९४२ मध्ये याच मेदिनीपूर जिल्ह्याला भयंकर चक्रीवादळाने झोडपलं, १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, आणि त्या पाठोपाठ इथे काँक्रीट ओतलं जात होतं. डोक्यावर टोपल्या घेऊन खडी वाहणाऱ्या बायकांची छायाचित्रं अमेरिकी सैनिकांनीच काढलेली आहेत. त्यांच्या मजुरीची चौकशी संग्रहालयात करून पाहिली, उत्तर मिळालं नाही.

६. विमान कुठून उडालं एवढ्यावर थांबू नये, बॉम्ब कुठे पडले ते वाचावं. माझ्यासारख्या इंजिनवेड्यांना हे विशेष सांगावं लागतं. ५ जून १९४४ ला बँकॉक, नोव्हेंबरात सिंगापूरची गोदी. १८ डिसेंबरला चीनमधल्या हान्काऊवर आगलावे बॉम्ब टाकले गेले. जपान्यांचा तळ जळालाच, पण तो वसलेला होता भरवस्तीच्या शहरात, आणि आग तीन दिवस धुमसत राहिली. तेव्हा ताफ्याचे प्रमुख होते कर्टिस लमे. हान्काऊ त्यांच्या लक्षात राहिलं. जानेवारी १९४५ मध्ये त्यांची बदली मारियाना बेटांवर झाली, आणि ९ मार्चच्या रात्री त्यांनी टोकियो जाळलं. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. हिजलीच्या त्या इमारतीच्या पायऱ्या चढताना हे मला हटकून आठवतं आणि बी-२९ चं कौतुक जिभेवर येता येता थांबतं.

७. रशियाचाही धागा इथेच सापडतो. पियारडोब्याच्या तुकडीतलं ‘रॅम्प ट्रॅम्प’ हे विमान जुलै १९४४ मध्ये बिघाडामुळे व्लादिवोस्तोकला उतरलं. सोव्हिएत सरकारने ते परत दिलं नाही. त्याच्यासह हाती आलेल्या विमानांवरून हुबेहूब नक्कल केली, ती तुपोलेव्ह टीयू-४.

८. पहिल्यांदा जाणाऱ्याने चाकुलियाला जावं. हावडा-टाटानगर मार्गावर स्टेशन आहे, तिथून रिक्षाने विमानतळ गाठता येतो. सकाळी लवकर निघावं, पाणी भरपूर घ्यावं. पियारडोबाही रेल्वेवरच आहे, खरगपूर-आद्रा मार्गावर, पण परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी नीट पाहून ठेवाव्यात. तिथे रात्र काढायची वेळ आली तर सोबतीला फक्त हत्ती.