वाचकांचे प्रश्न : बाहेरून बसवलेले प्रोजेक्टर हेडलाइट

प्रश्न : २०१८ सालची स्विफ्ट, खालच्या प्रकारातली. चिपळूण-कराड रस्त्यावर कुंभार्ली घाटातून रात्रीची नेहमीची ये-जा. कंपनीच्या हॅलोजन दिव्यांचा उजेड पावसात पुरत नाही. ॲक्सेसरीजचे एक दुकान मूळ हेडलाइट उघडून आत प्रोजेक्टर बसवून द्यायला तयार आहे. हे कायद्यात बसते का? आणि बसवायचेच तर काय पाहून घ्यावे?

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ कडक लावला आणि निर्मात्याची मूळ रचना बदलण्याला मुभा नाही, असे सांगितले. दुकानदार यावर एक ठरलेले उत्तर देतात : आरसी बुकात इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, रंग, आसने एवढेच असते, हेडलाइटचा उल्लेखच नसतो, मग बदल कसला?

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२अ आले. त्याचे चौथे पोटकलम आरसी बुकापुरते थांबत नाही. कायद्याने किंवा त्याखालच्या नियमांनी परवानगी नसलेला कोणताही बदल मालकाने केला, नंतर बसवलेले सुटे भागही त्यात आले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिव्यांचे नियम सविस्तर दिलेले आहेत. शिवाय हेडलाइटला मान्यता मिळते ती काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब यांच्या ठरावीक जोडीला मिळून. हेडलाइट तापवून, काच सोडवून, आत परका प्रोजेक्टर स्क्रूने बसवला की त्या जोडीची मान्यता संपते. मग काचेवरचे मूळ मानकचिन्ह शाबूत दिसले तरी आतल्या मालाला ते लागू राहत नाही. कागदावर हे काम कलम १८२अच्या कक्षेत येते, हे धरूनच पुढचा निर्णय घ्यावा.

रस्त्यावर वाहतूक पोलीस किंवा आरटीओचे वायुवेग पथक सहसा हेडलाइट उघडून पाहत नाही. ते पाहते चकाकी. त्यासाठी नियम १०६ आहे आणि तो चांगला नेमका आहे : दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला असला पाहिजे. तो इतका, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तिरीप बसू नये. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून समोरून येणारा चालक उजव्या हाताला असतो. बाजारात प्रोजेक्टर विकत घेणाऱ्याने ब्रँडच्या नावापेक्षा या तीन आकड्यांवर भर द्यावा.

प्रोजेक्टरच्या बाजूने बोलायचे तर त्याची रचनाच या नियमाला धार्जिणी आहे. मागे लंबगोल आरसा, मध्ये धातूची छोटी आडपट्टी आणि पुढे फुगीर भिंग. आडपट्टी वरचा उजेड कापते, त्यामुळे भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. अप्पर लावला की विद्युतचुंबक ती पट्टी खाली ओढतो. याउलट साध्या रिफ्लेक्टरच्या हेडलाइटमध्ये ऑनलाइन मागवलेला एलईडी किंवा एचआयडी बल्ब खोचणे हा सगळ्यांत वाईट पर्याय, आणि तोच सर्वाधिक खपतो. एच-४ हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची वाटी असते आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या तारेच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी, त्या आकारात बसत नाही. उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एच-४ चा ५५ वॉटचा डिपर सुमारे १००० ल्युमेन उजेड देतो. ३५ वॉटचा एचआयडी बल्ब सुमारे ३२००. तिप्पट उजेड चुकीच्या दिशेने गेला तर काय होते, हे घाटात समोरून ट्रक आल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. दोन हजार ल्युमेनच्या वरच्या डिपरला आपोआप पातळी साधणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे हवेत, अशी अट संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या वाहननियमात आहे, ती याचसाठी. दुकानातल्या किटमध्ये यातले काहीच येत नाही.

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती डाव्या-उजव्याची. प्रोजेक्टरची कापरेघ सरळ नसते. रस्त्याच्या कडेची माणसे, गुरे, मैलाचे दगड दिसावेत म्हणून कडेच्या बाजूला ती वर चढते. भारतात ती डावीकडे चढायला हवी. युरोपचा मुख्य भूभाग, अमेरिका आणि चीन इथे वाहने उजवीकडून चालतात, तिथल्या बाजारासाठी केलेल्या प्रोजेक्टरची रेघ उजवीकडे चढते. असा प्रोजेक्टर भारतात लावला की चढलेला उजेड थेट समोरच्याच्या काचेत जातो आणि डावीकडची कड अंधारात राहते. तो कितीही खाली झुकवला तरी हा दोष जात नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. युरोपीय मान्यतेच्या हेडलाइटवर वर्तुळात ई हे अक्षर आणि देशाचा क्रमांक असतो. त्याच्याजवळ, हेडलाइटकडे तोंड करून उभे राहिल्यावर, उजवीकडे टोक असलेला बाण दिसला तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, म्हणजे भारतासाठी योग्य. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालणारा. बाणच नसेल तर तो उजवीकडच्या वाहतुकीचा. नुसता प्रोजेक्टर सुटा विकत घेताना ही खूण बहुधा नसतेच. अशा वेळी दुकानात १२ व्होल्टची बॅटरी लावून भिंतीवर रेघ पाडून दाखवायला सांगावे. दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून माल घेऊ नये.

आता मूळ प्रश्न, उजेड कमी पडण्याचा. तो सोडवायला प्रोजेक्टर लागतोच असे नाही. सात-आठ वर्षांच्या गाडीच्या पॉलिकार्बोनेट काचा उन्हाने पिवळ्या पडलेल्या असतात, बल्ब म्हातारे झालेले असतात आणि अर्थिंगचे टोक गंजलेले असते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजशी सरळ प्रमाणात घटत नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरने बल्बच्या कपलरवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींत एक व्होल्टच्या आसपास फरक आला तर दोष दिव्यात नाही, वायरिंगमध्ये आहे. काचा बफ करून घेणे, मान्यताप्राप्त कंपनीचे ६०/५५ वॉटचेच नवे बल्ब, स्वच्छ अर्थिंग आणि डॅशबोर्डवरची पातळीची चकती योग्य आकड्यावर ठेवणे, एवढ्याने घाटातल्या बहुतेक तक्रारी मिटतात, आणि कायद्याचा काही प्रश्न येत नाही. १००/९० वॉटचे बल्ब मात्र टाळावेत. ते मान्यतेत बसत नाहीत, मूळ कपलर वितळवतात आणि रिफ्लेक्टरची चांदी काळी करतात.

एवढे करूनही पुरेसे वाटले नाही तर दुसरा मार्ग वरच्या प्रकाराच्या हेडलाइटचा. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या खालच्या प्रकारांत हॅलोजनचे रिफ्लेक्टर होते, सर्वांत वरच्या प्रकारात एलईडी प्रोजेक्टर. हा सबंध हेडलाइट अस्सल सुटा भाग म्हणून अधिकृत विक्रेत्याकडे बिलावर मिळतो. तो भारतीय वाहतुकीसाठीच केलेला आणि त्याच मॉडेलसोबत तपासलेला असतो. तांत्रिकदृष्ट्या हा प्रकारही बदलच आहे, त्यामुळे शंभर टक्के निर्धोक म्हणता येणार नाही. पण अधिकाऱ्यापुढे किंवा विमा सर्वेक्षकापुढे दाखवायला भाग क्रमांक, मान्यताचिन्ह आणि बिल असते. मूळ कपलर त्याला जुळत नाही, म्हणून वायर कापून जोडण्याऐवजी जोडकपलरची वेगळी हार्नेस करून घ्यावी. हेडलाइट उघडून प्रोजेक्टर बसवण्याचा तिसरा मार्ग स्वस्त वाटतो. त्यात प्रोजेक्टर, बॅलास्ट आणि मजुरी धरली जाते. काच तडकली किंवा सील नीट बसले नाही तर नव्या हेडलाइटच्या जोडीचा खर्च धरला जात नाही. कायदा आणि खिसा दोन्ही पाहता या स्तंभाचा कौल त्याच्या विरोधात आहे.

काहीही बसवले तरी झोत जुळवल्याशिवाय गाडी दुकानातून बाहेर काढू नये. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या आसनावर एक माणूस, पातळीची चकती शून्यावर, आणि दिव्यापासून बरोबर १० मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरची कापरेघ त्या खुणेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे आणि चढण डावीकडेच दिसली पाहिजे. रेघ खुणेच्या बरोबरीला किंवा वर असेल तर नियम १०६ चा भंग ठरलेलाच समजावा. निळसर, ८००० केल्विनचा उजेड घेऊ नये. नियमाला पांढरा उजेड हवा, आणि ओल्या डांबरावर निळसर उजेडात रस्ता उलट कमीच उठून दिसतो.

प्रश्न : असे हेडलाइट बसवलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते का?

उत्तर : दोन दावे वेगळे धरावेत. समोरच्या माणसाला झालेल्या इजेच्या, म्हणजे तृतीय पक्षाच्या दाव्यात विमा कंपनीला कोणत्या कारणांनी अंग काढून घेता येते, ते कलम १५० मध्ये दिले आहे : परवाना नसणे, परवानगीशिवाय गाडी भाड्याने चालवणे, शर्यत लावणे वगैरे. दिवे बदलणे त्या यादीत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र करारावर चालतो. न कळवलेला बदल हा सर्वेक्षकाच्या हाती पडणारा आयता मुद्दा असतो, आणि आग वायरिंगमधून लागली असेल तर तो जोरदारही असतो. मागून धडक बसून डिकी चेपली, तर हेडलाइटचा नुकसानीशी संबंध नाही. तिथे संपूर्ण नकार आला तर तो लेखी मागावा.

कंपनीच्या किमतीत न धरलेल्या विद्युत उपकरणांसाठी पॅकेज पॉलिसीत वेगळे पृष्ठांकन घेता येते. मोटार दरपत्रकात ते आयएमटी-२४ या नावाने आहे आणि त्याचा हप्ता उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के ठरवलेला आहे. हेडलाइटची जोडी २५ हजारांची धरली तर वर्षाला एक हजार रुपये आणि त्यावर कर. पण पृष्ठांकन म्हणजे कायदेशीर परवानगी नव्हे. त्याने कंपनीला माहिती दिल्याचा पुरावा तेवढा तयार होतो. नकार आल्यास आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे इथे आहेत.

प्रश्न : काम करून घेतल्यावर पहिल्याच पावसात एका हेडलाइटमध्ये पाणी साचले. दुकानदार हात झटकतो. पैसे परत मिळतील का?

उत्तर : सील नीट न बसवणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार त्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण बरीच दुकाने तिथल्या पाठपुराव्यानेच तडजोडीला येतात.

अडचण एकच : ही कामे बहुधा बिलाशिवाय होतात. जीएसटी बिल, त्यावर कामाचे नेमके वर्णन आणि हमीची मुदत नसेल तर यूपीआयचा व्यवहार, दुकानदाराशी झालेले संदेश आणि पाणी साचल्याचे तारखेसह फोटो एवढ्यावर प्रकरण उभे करावे लागते. ते अशक्य नाही, पण लांबते. दुसऱ्या फिटरकडे हेडलाइट उघडण्यापूर्वी दुकानदाराला लेखी नोटीस द्यावी. आधीच दुरुस्ती केली तर दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड जाते. आणि काढलेले मूळ हेडलाइट दुकानात सोडू नयेत. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर नूतनीकरणाच्या तपासणीला दिवेही पाहिले जातात, आणि त्या दिवशी तीच जुनी जोडी लावून गाडी न्यावी लागू शकते.