इंजिन पाठीमागे नेताना

ड्रायव्हरच्या पाठीशी इंजिन असलेली गाडी म्हटली की बहुतेकांना फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी आठवते. पण पुढची चाकं फिरवणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीचं बॉनेट उघडून पाहा. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे सगळं एकाच गठ्ठ्यात, आडवं बसवलेलं दिसेल. तो गठ्ठा अखंड उचलून सीटांच्या मागे ठेवला की मिड-इंजिन गाडीचा निम्मा अवघड भाग तयार मिळतो. १९६७ साली इंग्लंडात कॉक्स जीटीएमने मिनीचा गठ्ठा असाच मागे नेला. १९७२ च्या फियाट एक्स वन-नाइनने फियाट १२८ चा नेला. अमेरिकेतल्या पॉन्टिॲक फिएरोने तर दुसऱ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शनसुद्धा इंजिनासोबत मागे बसवलं. मोठ्या कारखान्यांनी निवडलेली ही वाट घरच्या गॅरेजमध्येही चालता येते, आणि माझ्या मते यंत्र समजून घेण्याची तीच सर्वांत चांगली शाळा आहे.

मी इंग्लंडात लेस्टरशरमध्ये राहतो. घराला लागून एका गाडीपुरतं गॅरेज आहे. तिथे मी जीटीएम लिब्रा ही किट गाडी बांधली. फायबरग्लासचं एकसंध कवच किटमधलं, आणि इंजिनासकट चालणारे बरेचसे भाग एका जुन्या रोव्हर २०० चे, म्हणजे डोनर गाडीचे. त्या कामातून जे हाती लागलं ते लिहितो आहे.

१. डोनर गाडी चालती घ्यावी आणि मोडण्याआधी मनसोक्त चालवावी.

भंगारातून इंजिन स्वस्त मिळतं, पण ते कसं चालत होतं हे सांगायला कुणी नसतं. चालत्या गाडीत सगळं कानाला आणि पायाला कळतं : थंड असताना कसं सुरू होतं, तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर आहे का, क्लच कुठे पकडतो, ट्रॅफिकमध्ये पंखा केव्हा लागतो. हे सगळं मी वहीत टिपून ठेवलं होतं. पुढे नव्या सांगाड्यात एखादा आवाज आला की वही उघडायची. तो आवाज आधी नव्हता, म्हणजे दोष इंजिनात नाही, आपल्या जोडणीत आहे. शोधाचं क्षेत्र एकदम अर्धं होतं.

बॉडी गंजलेली असली तरी चालेल, ती जायचीच आहे. मागून ठोकलेली गाडीही चालेल. पुढून ठोकलेली मात्र घेऊ नये, कारण आपल्याला हवं ते सगळं पुढेच असतं.

२. पहिला पाना लावण्याआधी कागद.

ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदणीपत्राला व्ही-फाइव्ह-सी म्हणतात. डोनरचं हे पत्र आपल्या नावावर हवं, आणि कवच भंगारात देण्याआधी परिवहन खात्याचे नियम शब्दन् शब्द वाचलेले हवेत. घाईने पूर्ण गाडी नष्ट झाल्याचा दाखला निघाला, तर तिची ओळखच संपते. डोनरचे दोन मुख्य भाग नव्या गाडीत आहेत हे दाखवता आलं तर डोनरच्या वयाला साजेसा नंबर मिळू शकतो. नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर येतो आणि तो कायम चिकटतो. म्हणून प्रत्येक पावती जपायची, इंजिनावरचा आणि चासीवरचा क्रमांक दिसेल असे फोटो काढायचे, आणि आपण स्वतः काम करतो आहोत हे फोटोंत दिसायला हवं. गाडी हौशी माणसाने बांधल्याचा पुरावा म्हणून हे फोटो मागितले जातात. फोटो तारखेनुसार लावून ठेवले तर गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या तपासणीच्या वेळी आयत्या वेळची धावपळ होत नाही.

३. वायरिंगला कात्री सर्वांत शेवटी.

उघडलेला बोल्ट जिथून काढला त्याच भोकात दोन आट्यांवर परत लावून ठेवावा. जिथे ते शक्य नाही तिथे पिशवी आणि चिठ्ठी. हे बहुतेक जण करतात. वायरिंगच्या बाबतीत मात्र धीर सुटतो. जुन्या गाडीची वायरिंग म्हणजे मागचा वायपर, काचा, दिवे, अलार्म यांचं जाळं, आणि किटला त्यातलं निम्मंही लागत नाही. बघताक्षणी कापावंसं वाटतं.

माझ्या शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. त्यांनी मला वेगळी रीत दाखवली. पूर्ण जाळं अखंड बाहेर काढायचं, प्रत्येक टोकाला पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, मग ते गॅरेजच्या फरशीवर पसरून इंजिन त्यावर चालू करायचं. इंजिन चालू असताना नको असलेली एकेक जोडणी सोडवत जायची. इंजिन बंद पडलं की ती परत लावायची आणि चिठ्ठीवर ‘हवी’ लिहायचं. हे सगळं झाल्यावर कात्री. पेट्रोलच्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो, म्हणून या सगळ्या वेळात गॅरेजचं दार सताड उघडं आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी.

रोव्हरमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इंजिनाचा संगणक आणि अलार्मचा डबा एकमेकांना सांकेतिक क्रमांकाने ओळखतात. किल्लीचा रिमोट, तो डबा आणि संगणक हे तिन्ही एकाच गाडीचे आणि एकत्रच ठेवायचे. एक हरवला तर बाकीचे दोन असून नसल्यासारखे.

४. पाण्याचा रस्ता लांबला की इंजिनाचा स्वभाव बदलतो.

सगळ्यांत जास्त विचार इथे करावा. डोनरमध्ये रेडिएटर इंजिनाच्या अगदी समोर, हातभर होज पाइपवर असतो. लिब्रात इंजिन मागे आणि रेडिएटर नाकापाशी. पाणी अख्ख्या गाडीखालून जातं आणि परत येतं.

रोव्हरच्या के-सीरीज इंजिनात याला विशेष अर्थ आहे. हे हलकं आणि फार हुशारीने रचलेलं इंजिन. हेड, ब्लॉक आणि खालची बेअरिंगची चौकट असे थर एकावर एक, आणि दहा लांबलचक बोल्ट वरपासून तळापर्यंत सगळ्यांना आवळून धरतात. आवळण्याची पद्धतही वेगळी : आधी २० न्यूटन-मीटर, मग प्रत्येक बोल्ट १८० अंश, मग पुन्हा १८० अंश. एवढ्या रचनेत पाणी थोडंच मावतं. शिवाय थर्मोस्टॅट पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला आहे. तो उघडला की रेडिएटरमधलं थंड पाणी तापलेल्या धातूवर एकदम येतं. नळ्या लांब असल्या तर हे थंड पाणीही जास्त. तापणं आणि अचानक निवणं यांच्या ओढाताणीत हेड गॅस्केटचं आयुष्य कमी होतं. एमजीएफ आणि पहिली लोटस एलिस या याच इंजिनाच्या मिड-इंजिन गाड्या, आणि त्यांच्या मालकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. लँड रोव्हरने फ्रीलँडरसाठी इंजिनाबाहेर बसणारा, दाब ओळखून थोडं आधी उघडणारा थर्मोस्टॅट आणला. थंड-गरम पाणी हळूहळू मिसळतं, धक्का बसत नाही. मी तोच बसवला, आणि के-सीरीज मागे नेणाऱ्या प्रत्येकाला तो बसवायला सांगतो.

दुसरी गोष्ट हवेची. लांब आडव्या नळ्यांत हवा अडकून बसते. पाण्याची टाकी यंत्रणेतल्या सर्वांत उंच जागी हवी, रेडिएटरच्या माथ्यावर हवा काढायचा स्क्रू हवा, आणि पाणी अगदी हळू ओतायला हवं. हीटर गरम झाला आणि पंखा आपोआप लागून आपोआप बंद झाला, तरच हवा निघाली असं मानावं. नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नये. सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहिला तर इंजिन भाजत असताना काटा मात्र शांत असतो. म्हणून टाकीत पाण्याची पातळी घसरली की लागणारा दिवा बसवावा. खर्च किरकोळ, आणि इंजिन वाचवतो तो हाच.

५. गिअर आणि गठ्ठ्याची दिशा.

रोव्हर २०० मध्ये गिअर बदलतो तो लोखंडी दांड्यांनी. इंजिन मागे गेल्यावर दांडे निरुपयोगी, केबली लागतात. एमजीएफच्या गिअरला केबलीच आहेत, त्यामुळे सुटे भाग मिळतात. केबलीला मोठा वळसा द्यावा आणि ती सायलेन्सरच्या नळीपासून दूर ठेवावी. गठ्ठा मागे नेताना तो फिरवायचा नाही, सरळ मागे सरकवायचा. उलटा फिरवून बसवला तर गाडीला एक पुढचा आणि पाच मागचे गिअर मिळतील.

६. वजन मागे गेलं म्हणजे ब्रेकही बदलले.

डोनरचं नाक जड होतं. तिच्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांकडे जाणारा दाब मुद्दाम कमी केलेला असतो, कारण ब्रेक मारताना तिची शेपटी हलकी होते. आता शेपटीतच इंजिन आहे. जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर मागचे ब्रेक नुसते सोबतीला येतात. मागे दाब फार वाढवला तर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गिरकी घेते. पुढची चाकं नेहमी आधी अडकली पाहिजेत, हा नियमही आहे आणि जिवाचा प्रश्नही. जुळवणी झाली की समतोलाचा व्हॉल्व्ह पक्का बंद करावा लागतो. चालवताना हाताने फिरवता येईल असा ठेवलेला तपासणीत चालत नाही.

७. भारतात हे करता येईल का?

पुण्याकोल्हापुरातले मित्र हे नेहमी विचारतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर जे हात चालतात त्यांना यातलं एकही काम जड नाही. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. ब्रिटनसारखी, एकेका घरगुती गाडीला तपासून रस्त्यावर सोडणारी सोपी वाट तिथे नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बाहा या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधण्याच्या स्पर्धेसाठी आपली मुलं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सांगाडा वेल्ड करतात, सस्पेन्शनचं गणित मांडतात, रात्ररात्र जागतात. स्पर्धा संपली की ती गाडी कोपऱ्यात उभी राहते. तपासणीची एक प्रामाणिक, परवडणारी पद्धत असती तर या हातांना पुढचं काम मिळालं असतं.

८. तपासनीस शत्रू नाही.

ब्रिटनमध्ये एकेका गाडीच्या या तपासणीला आयव्हीए म्हणतात. २००९ पासून ती आधीच्या एसव्हीए चाचणीच्या जागी आली. तपासनीसाजवळ १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. बाहेरून जिथे जिथे तो टेकेल तिथली प्रत्येक कड निदान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली हवी. आरशाचा खांब, बॉनेटची कडी, बोल्टाचं डोकं, सगळं. रस्त्यावरच्या माणसाला आपली गाडी घासली तर तो कापला जाऊ नये, एवढंच त्यामागे आहे. हे लक्षात आलं की रबरी पट्ट्या आणि टोप्या लावण्याचा कंटाळा येत नाही.

आवाज ९९ डेसिबलच्या आत हवा. वळणात स्टिअरिंग सोडलं की ते आपणहून सरळ व्हायला हवं. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, आणि टायरचा घेर बदलला की तो चुकतोच, तेव्हा आधी पडताळून न्यावा. नियमपुस्तिका बांधणी सुरू करतानाच भिंतीला टांगावी. कडा गोलावण्याचं काम रंग लावण्याआधी सोपं, नंतर क्लेशाचं.

९. पहिल्या काही महिन्यांत पाना गाडीतच असू द्यावा.

नव्या जोडणीतला प्रत्येक बुश आणि प्रत्येक होजची पट्टी थोडीशी बसते. पहिल्या छोट्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे सैल झालेला नजरेला कळतो. सर्वांत जास्त लक्ष मागच्या चाकांची दिशा धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर. त्यांच्यात किंचित खेळ आला तर मागची चाकं आपल्या मनाने वळू लागतात. मिड-इंजिन गाडीत वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे धावतं आणि जड शेपटी बाहेर निघते, त्यात हा खेळ मिसळला तर सावरायला वेळ मिळत नाही. मागची चाकं किंचित आत झुकलेली ठेवावीत, पुढच्या आणि मागच्या टायरमधली हवा वेगळी असते हे विसरू नये, आणि पहिला पाऊस कुठल्या तरी मोकळ्या पटांगणावर, हळू वेगात अनुभवून घ्यावा.