बिंदू सरकला की नमुना बदलतो

मे महिन्यात औसा तालुक्यातल्या एका शिवारात मातीचे नमुने घेत होतो. मोबाइलवर चौकोनांची जाळी टाकलेली होती. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली आली, तेव्हा ठरलेलं माप आम्ही धरलं होतं: कोरडवाहूत 10 हेक्टरला एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरला एक. 10 हेक्टरचा चौकोन म्हणजे बाजू साधारण 316 मीटर.

पहिल्याच दिवशी एक बिंदू विहिरीत पडला, दुसरा बांधावरच्या बाभळीखाली, तिसरा उकिरड्यावर. अशा जागची माती घ्यायची नसते, म्हणून मी सरकलो. पण किती आणि कुठे सरकायचं हे दर वेळी तिथल्या तिथे ठरवलं, आणि त्या उन्हात पाय गाडी लावलेल्या बाजूलाच वळायचे.

आठवड्याने ठिपके नकाशावर उतरवले तर निम्म्याहून जास्त गाडीवाटेला चिकटलेले. तिथली गाडीवाट माळाने गेलेली आहे, कारण पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुततं. म्हणजे सगळ्या शिवाराच्या नावाने मी माळाची उथळ, मुरमाड माती गोळा केली होती. ओढ्याकाठची खोल काळी, चिबड जमीन पिशव्यांत नव्हतीच. या आकड्यांवरून खताचा सल्ला गेला असता, तर ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने पैसे कशावर घातले असते? ते नमुने मी पुन्हा नव्याने घेतले.

तुम्ही जाल तेव्हा सरकण्याचा नियम घरूनच लिहून न्या. मी आता आधी उत्तरेला 20 मीटर जातो, तिथेही अडचण असेल तर पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला. चारही बाजू अडल्या तर बिंदू रिकामा सोडतो आणि कारण लिहितो. ठरलेली जागा आणि प्रत्यक्ष खड्डा घेतला ती जागा, दोन्ही नोंदवा.

अक्षांश-रेखांश लिहिण्याची एकच पद्धत ठेवा. आमच्यातल्या एकाने 18 अंश 24 मिनिटं 30 सेकंद हे 18.2430 असं उतरवलं. खरा दशांश 18.4083. बिंदू सुमारे 18 किलोमीटर दक्षिणेला गेला! दशांशानंतर पाच आकडे घ्या. तीनच घेतले तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो, म्हणजे शेजाऱ्याचं रान. जाळी मीटरमध्ये आखा. आपल्याकडे रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा पाचेक किलोमीटरने आखूड आहे, त्यामुळे अंशांत आखलेले चौकोन चौरस राहत नाहीत. नांदेडच्या किनवटकडे जाणाऱ्यांनी आणखी जपावं: 78 अंश रेखांशावर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीचा 43वा पट्टा संपून 44वा सुरू होतो.

आणि माणसांना विचारा. किल्लारी भागात एक बिंदू साध्या सपाट वावरात आला होता. मी खुरप्याने व्ही आकाराचा खड्डा घेतला, तेवढ्यात बांधावरून एक आजोबा म्हणाले, "साहेब, ही रानाची माती न्हाई. हितं आमची पांढरी हुती." 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसलं, आणि जुन्या गावठाणात घरांची पांढरी माती, चुलीची राख, गोठ्याचं शेण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. स्फुरदाचा आकडा तिथे भलताच आला असता. माझ्या पडद्यावर ते फक्त मोकळं वावर होतं.

तेव्हापासून नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे: बिंदूवर भेटलेल्या माणसाने जागेबद्दल काय सांगितलं.