पाठ: छोटी ट्रॉली बनवूया – ओझं कुठे ठेवायचं?

इयत्ता : ४ थी व ५ वी
विषय : परिसर अभ्यास, गणित, कार्यानुभव
तासिका : ३ (किंवा एक शनिवार)



आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसभर एकच गोष्ट असते, ती म्हणजे उसाची ट्रॉली. पुणतांब्यातून गणेशनगर, कोपरगाव, प्रवरानगर अशा कुठल्याही बाजूला जा, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे एक किंवा दोन ट्रॉल्या दिसणारच. मुलं ती रोज पाहतात, तिच्यामागे पळतात, ऊसही ओढतात. पण ट्रॉली सरळ का चालते, कधी कधी डुलायला का लागते, वळताना आतल्या बाजूला का येते, हे कुणी त्यांना सांगत नाही. आजचा पाठ त्यासाठी आहे. बुटाच्या खोक्याची एक छोटी ट्रॉली बनवायची आणि तिच्याकडूनच ही उत्तरं काढून घ्यायची.

सुरुवात कशी करावी?

मुलांना आधी एक खरी गोष्ट सांगा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार हे लोखंडी काम करणारे कारागीर. त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवून, मोटारसायकलचं इंजिन बसवून एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च आला साधारण ६० हजार रुपये. गाडी चारचाकी, पण सुरू करायची मोटारसायकलसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये त्या गाडीचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आला. त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

जुन्या गाडीचं असं नवं रूप करायची हौस जगभर आहे. अमेरिकेत १९३० आणि १९४० च्या दशकांत कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, जादाचा पत्रा काढून टाकत, इंजिन दमदार करत आणि पळवत. अशा गाडीला 'हॉट रॉड' म्हणतात. या गाड्यांत सामानाला जागा फार कमी. मग काही हौशी लोक मागे लावायला एक छोटी ट्रॉली घरीच बनवतात, गाडीच्याच रंगाची.

आता मुलांना विचारा : "देवराष्ट्र्याच्या त्या छोट्या गाडीला आपण मागे ट्रॉली लावायची ठरवली, तर चाकं कुठे बसवाल? ओझं पुढे ठेवाल, मध्ये ठेवाल की मागे?"

उत्तरं फळ्यावर लिहा. चूक-बरोबर काही सांगू नका. बहुतेक मुलं "चाक बरोबर मधोमध" असंच म्हणतात. उत्तर शेवटी ट्रॉलीच देईल.

साहित्य

बुटाचं खोकं (३० सेंमी लांब), बाटलीची एकसारखी ४ झाकणं (दोन जादाची), सायकलची जुनी तार किंवा झाडूची सरळ काडी, शरबताची नळी, लाकडी पट्टी, थोडी बारीक तार, एक खिळा, वाळूच्या १०० ग्रॅमच्या ३ पुड्या, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, खेळण्यातली थोडी जड गाडी, उतारासाठी एक फळी. भोकं पाडायचं आणि तार वाकवायचं काम मोठ्यांनी करावं.

कृती

१. खोक्याच्या मागच्या कडेपासून १२ सेंमीवर, तळाला आडवी नळी चिकटवा. तिच्यातून तार ओवा आणि दोन्ही टोकांना झाकणं बसवा. हा झाला आपला आख. चाकं मोकळी फिरली पाहिजेत.

२. पुढच्या बाजूला मधोमध लाकडी पट्टी अशी चिकटवा की ती खोक्याच्या १२ सेंमी पुढे येईल. ही दांडी. आता आखापासून दांडीच्या टोकापर्यंत अंतर किती? १८ + १२ = ३० सेंमी. मुलांनाच मोजू द्या.

३. दांडीच्या टोकाला तारेची कडी करा. खेळण्यातल्या गाडीच्या मागे, शक्य तितका खाली, खिळा उभा बसवा. कडी खिळ्यात सैल बसली पाहिजे, पण निसटायला नको. ट्रॅक्टरच्या हुकात पिन टाकतात, तसंच.

४. दांडी आणि गाडी यांच्यामध्ये एक जादाची सैल दोरी बांधा. ही सुरक्षा साखळी. पिन निघाली तरी ट्रॉली रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून.

प्रयोग १ : दांडीवर भार किती?

ट्रॉली सपाट जागी ठेवा, दांडीचं टोक वजनकाट्यावर टेकवा. ट्रॉली आडवी सपाट राहील एवढा काटा उंचावर ठेवायचा. रिकाम्या ट्रॉलीचा आकडा आधी लिहून घ्या, तो प्रत्येक वेळी वजा करायचा आहे. आता तिन्ही पुड्या, म्हणजे ३०० ग्रॅम, एकावर एक ठेवून जागा बदलत जा.

- ओझं आखाच्या ६ सेंमी पुढे : दांडीवर ६० ग्रॅम
- आखाच्या ३ सेंमी पुढे (खोक्याच्या बरोबर मधोमध) : ३० ग्रॅम
- बरोबर आखावर : ० ग्रॅम
- आखाच्या ३ सेंमी मागे : रिकामी ट्रॉली हलकी असेल तर दांडी काट्यावरून वर उचलली जाते

पाचवीच्या मुलांना हिशोब करू द्या. ओझ्याला त्याच्या आखापासूनच्या अंतराने गुणायचं आणि दांडीच्या लांबीने (आख ते कडी) भागायचं. ३०० × ३ ÷ ३० = ३०. काट्यावरचा आकडा दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे येईल, कारण पुडी बरोबर जागेवर बसत नाही. येऊ द्या. मोजमाप असंच असतं, हेही शिकणंच आहे.

प्रयोग २ : उतारावरची ट्रॉली

फळीला थोडा उतार द्या. गाडीला ट्रॉली जोडून वरून सोडा आणि चालता चालता ट्रॉलीला बाजूने बोटाने हलकी टिचकी मारा. आधी ओझं पुढे ठेवून, मग मागे ठेवून. प्रत्येक प्रकार ५ वेळा करायचा आणि वहीत खूण करायची : "सरळ झाली" की "डुलत राहिली/उलटली".

ओझं आखाच्या पुढे असेल तर ट्रॉली एकदा हलते आणि पुन्हा गाडीमागे सरळ येते. ओझं मागे गेलं की शेपूट डावीकडे-उजवीकडे झोके घ्यायला लागतं, झोका वाढत जातो आणि जाताना पुढच्या गाडीलाही सोबत ओढतो. उतार वाढवला, म्हणजे वेग वाढला, की हे आणखी लवकर होतं. फरक नीट दिसत नसेल तर उतार थोडा वाढवा, फळी गुळगुळीत आहे का पाहा.

असं का होतं?

ट्रॉलीला रस्त्यावर टेकू देणारी जागा म्हणजे चाकं. ओझं चाकांच्या पुढे असलं तर ते कडी आणि चाकं यांच्यामध्ये बांधल्यासारखं राहतं. मागे असलं तर ते मोकळ्या टोकाला लटकलेलं असतं. धक्का बसला की ते बाहेर झुकतं आणि चाकांना आपल्यामागे ओढायला बघतं.

म्हणून दोन चाकी ट्रॉलीचा एक सर्वसाधारण नियम असा : भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा, फार तर १५ टक्के, दांडीवर आला पाहिजे. आपण आख मागच्या कडेपासून १२ सेंमीवर का बसवला, ते आता मुलांना कळेल. खोकं सारखं भरलं की ओझ्याचा मध्य आपोआप आखाच्या ३ सेंमी पुढे येतो आणि दांडीवर बरोबर दहावा हिस्सा पडतो.

मग सगळंच पुढे का ठेवायचं नाही? कारण दांडीवर फार भार आला की ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची हलकी होते. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं मुलांनी पाहिलेलं असतं. जोडणीची पिन खाली ठेवतात तीही याचसाठी, ओढ जितकी उंचावरून, तितकं तोंड उचलायची भीती जास्त.

इथे मुलांना घरचा अभ्यास द्या. आजोबांना विचारून या, "उलाळ म्हणजे काय?" ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्या घरात हा शब्द नक्की सापडतो. गाडी मागे जड झाली, दांडी वर उचलली, जू बैलाच्या मानेवरून वर गेलं आणि गळ्यातला पट्टा आवळायला लागला, की गाडी उलाळ झाली म्हणायचं. मग गडी खाली उतरून पोती पुढे सरकवायचा. पुढे फार जड झाली तर बैलाची मान दबायची, मग थोडी मागे. आपण वजनकाट्यावर जे मोजलं ते गाडीवान बैलाच्या मानेवरून ओळखायचा. मुलांना हे जरूर सांगा. विज्ञान पुस्तकातून गावात आलेलं नाही, गावात ते आधीपासून होतं, फक्त मोजलेलं नव्हतं.

(शिक्षकांसाठी : चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्याच चाकांवर असतं, त्यामुळे तिच्या दांडीवर भार जवळजवळ येत नाही. वरचा हिशोब दोन चाकी ट्रॉलीचा आहे. मुलं हा प्रश्न विचारतातच.)

प्रयोग ३ : चाकोरी

गाडीच्या मागच्या चाकांना एका रंगाचा आणि ट्रॉलीच्या चाकांना दुसऱ्या रंगाचा ओला रंग लावा. मोठ्या कागदावर आधी सरळ चालवा, मग वळवा. सरळ जाताना दोन्हींच्या खुणा जवळजवळ एका चाकोरीत येतात. वळताना ट्रॉलीची चाकं चाकोरी सोडून आतल्या बाजूने जातात. दांडीपासून आख जितका लांब, तितकी ती जास्त आत येतात. पट्टीने दोन खुणांमधलं अंतर मोजायला सांगा.

हा कागद वर्गात भिंतीवर लावून ठेवा. त्यावर वळणाच्या आतल्या कोपऱ्यात मुलांनाच एक माणूस काढायला सांगा. ट्रॅक्टर त्या माणसाच्या पुढून सुखरूप गेला, पण मागची ट्रॉली कुठून जाणार? हा प्रश्न विचारल्यावर वर्ग शांत होतो. मग हळू सांगा : ट्रॅक्टर पुढे गेला म्हणजे गाडी गेली असं समजायचं नाही. वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर कधीच उभं राहायचं नाही.

चालत्या ट्रॉलीचा ऊस

खरं तर सगळा पाठ इथवर येण्यासाठी आहे. "ट्रॉलीमागे पळू नका" हे आपण दरवर्षी प्रार्थनेच्या वेळी सांगतो आणि शाळा सुटल्यावर मुलं पळतातच. ओरडून सांगितलेलं डोक्यात राहत नाही. स्वतःच्या हाताने बनवलेली ट्रॉली उलटताना पाहिली की राहतं.

आता मुलांना तीनही प्रयोग एकत्र जोडू द्या :

- मागून लटकलं तर माझं वजन कुठे पडतं? आखाच्या मागे.
- दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांडीवर उभं राहिलं आणि धक्का बसला तर मी कुठे पडेन? मागच्या चाकांपुढे.
- ड्रायव्हरला मी दिसतो का? उसाच्या भाऱ्याआड मागचं काहीच दिसत नाही.
- मी ओढलेल्या उसाबरोबर मोळी सुटली तर? ती माझ्याच अंगावर येईल.

ऊस हवा असेल तर थांबलेल्या ट्रॉलीच्या ड्रायव्हरकाकांना मागावा. बहुतेक जण हसून देतात.

शेवटचं काम रिफ्लेक्टरचं. आपल्या ट्रॉलीला पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल चमकणारी पट्टी लावा. गाड्यांना हेच रंग असतात. वर्गात अंधार करून टॉर्च मारा, मग पट्टी झाकून पुन्हा मारा. पट्टी नसलेली ट्रॉली दिसतच नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे ती मुलं त्याच संध्याकाळी घरच्या ट्रॉलीच्या मागच्या पट्ट्या पाहून येतात, चिखलाने भरल्या असतील तर पुसतात.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना हुरूप आला तर सायकलमागची छोटी हातबनावटीची ट्रॉली मोठ्यांच्या मदतीने करायला हरकत नाही. ओझं २० किलोच्या आत, दांडीवर २ किलो, वापर अंगणात आणि शेतातल्या वाटेवर. पण मोटारसायकल किंवा कारमागे घरगुती ट्रॉली जोडून रस्त्यावर नेऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या व्याख्येनुसार ट्रेलरसुद्धा 'मोटार वाहन' आहे. त्याला इंजिन नाही, तरी नोंदणी लागते. देवराष्ट्र्याच्या गाडीचं कौतुक करतानाही आनंद महिंद्रा यांनी ती नियमांत बसत नाही हे सांगितलंच होतं. हुन्नर आणि रस्त्यावरची सुरक्षितता, दोन्ही मुलांना एकदमच शिकवूया.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. २०० ग्रॅम ओझं आखाच्या ३ सेंमी पुढे आहे. दांडी ३० सेंमी. दांडीवर भार किती?
२. खोकं ४० सेंमी लांब असेल तर आख मधोमध बसवाल की थोडा मागे? का?
३. ट्रॉली डुलायला लागली तर ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारावा की वेग हळूहळू कमी करावा? (उत्तर : वेग हळूहळू कमी करावा, स्टेअरिंग सरळ धरावं.)
४. घरातल्या मोठ्यांकडून बैलगाडीचे ५ शब्द विचारून लिहा. उदा. जू, आख, साटा.

हा पाठ शक्यतो हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी घ्यावा. ट्रॉल्या रस्त्यावर येतील तेव्हा मुलांच्या डोक्यात उत्तरं तयार असलेली बरी. तुमच्या वर्गात मुलांनी उलाळसारखे आणखी कोणते शब्द आणले, ते जरूर कळवा.