उचंत खात्यातला अपराध

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राच्या पारायणाला बसलं की तिसऱ्या दिवशी अठ्ठाविसावा अध्याय येतो. हा अध्याय कर्मविपाकाचा. कोणत्या पापाचं काय फळ, याची भली मोठी यादी त्यात आहे. ती वाचताना प्रत्येकाला आपलं काही ना काही आठवतं आणि मग वाचनाचा वेग वाढतो. मीही कित्येक वर्षं तो भाग घाईघाईनेच वाचला. पण त्याच अध्यायात पुढे श्रीगुरूंनी प्रायश्चित्तंही सांगितली आहेत. ‘काय चुकलं’ आणि ‘आता काय करायचं’ हे दोन्ही एकाच अध्यायात आहे. आपण पहिल्यापाशीच अडकून बसतो.

मी शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि २०१८ साली कारकून म्हणूनच निवृत्त झालो. त्यामुळे जे कळलं ते हिशेबाच्या भाषेतच कळलं आणि तसंच सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. मी रोकड खिडकीवर होतो. संध्याकाळी रोकड मोजली तर पाचशे रुपये कमी. तीनदा मोजली, तरी कमीच. नियमाप्रमाणे ते मी खिशातून भरले. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. रागाच्या भरात मी मॅनेजर साहेबांना म्हणालो, “गड्ड्या शिवायला मामा आत होते.” मामा म्हणजे आमचे शिपाई. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तक्रार झाली नाही, चौकशी झाली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मामांना कॅश केबिनमध्ये कोणी बोलावलं नाही. एवढ्याने गावाला जे समजायचं ते समजलं.

तीन आठवड्यांनी एक किराणा दुकानदार आला. “त्या दिवशी पाचशे जास्त आले होते. बाजाराला गेलो होतो, कालच परतलो,” म्हणाला आणि नोटा पुढे ठेवून गेला. पैसे माझेच होते, मी खिशात घातले. पण मामा निर्दोष आहेत हे मी कोणालाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं म्हणता म्हणता वर्ष गेलं आणि मामांची बदली झाली.

ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती बँकेत उचंत खात्यात टाकतात. ती सोय तात्पुरती असते. नोंद जुनी झाली की तपासनीस हमखास विचारतो, ही अजून का पडून आहे? माझी नोंद एकतीस वर्षं पडून होती. नैवेद्य दाखवले, वाडीला जाऊन कृष्णेत स्नान केलं, पारायणं केली. प्रत्येक वेळी देवापुढे म्हणायचो, कळत-नकळत घडलेल्या अपराधांची क्षमा कर. पण माझा अपराध नकळत नव्हता, चांगला कळून केलेला होता. आणि देणं मामांचं असताना मी भरणा भलत्याच खात्यात करत होतो.

२०१९ च्या सप्ताहानंतर पत्ता काढून मामांच्या गावी गेलो. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “साहेब, मी घेतले नाहीत हे मला ठाऊकच होतं. हे माझ्या पोरासमोर सांगा. त्याला शाळेत ऐकावं लागलं होतं.” शेतातून मुलाला बोलावलं. चाळिशी ओलांडलेल्या त्या मुलासमोर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. देवापुढे मान खाली घालणं किती सोपं असतं, ते तेव्हा कळलं. मुलगा काही बोलला नाही, आत जाऊन चहा घेऊन आला. मामा म्हणाले, “माफ केलं असं तोंडानं म्हणायला मला जमायचं नाही. पण आलात, बरं केलंत. चहा घ्या.”

वाटेल की इथे सुटका झाली. नाही झाली. घरी आल्यावर महिनोन्महिने मी तेच उगाळत राहिलो. शेवटी एकदा सौ. म्हणाली, “मामांनी विषय मिटवला, तुम्हीच रोज काढता. आता यात मामा कुठे आहेत? नुसतं मी, मी आणि मी.”

तेव्हा अवधूतांचे दोन गुरू नव्याने समजले. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांतला एक कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा असेपर्यंत बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. ‘मी किती वाईट’ हाही असाच एक तुकडा आहे. अहंकार फक्त मोठेपणाचाच नसतो. दुसरी गुरू पिंगला. मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळली, आपल्या आयुष्याचा तिला वीट आला, स्वतःला बोल लावला, आशा सोडली आणि शांत झोपली. पश्चात्ताप आणि झोप एकाच रात्रीतली. पश्चात्तापाचं काम वळवायचं. वळल्यावर त्याला धरून ठेवायचं नसतं.

यातून मला जे उमगलं ते थोडक्यात असं:

१. नोंद स्पष्ट करा. कोणाचा अपराध, कोणता, कधी. मोघम क्षमा मागून मोघमच समाधान मिळतं.

२. नोंद आपली आहे का ते पाहा. आईच्या शेवटच्या क्षणी गाडी चुकल्यामुळे पोहोचता आलं नाही, हे दुःख आहे, अपराध नव्हे. ते स्वतःच्या नावावर टाकू नका.

३. ज्याचं देणं त्यालाच द्या, आणि ते त्याला हवं त्या रूपात. मी पेढे आणि धोतरजोडी घेऊन गेलो होतो. मामांना मुलासमोर दोन वाक्यं हवी होती. माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्यांचं काही देणं लागतो का ते पाहावं. मात्र आपलं मन हलकं करण्यासाठी दुसऱ्याची जखम उघडी करू नये.

४. मग खातं बंद करा. समोरच्याने माफीची पावती दिलीच पाहिजे, असा हट्ट नको.

जुन्या खातेवहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायची मुभा नव्हती. त्यावर एक रेघ मारून सही करायची आणि दुरुस्तीची नोंद घालायची. चूक वाचता येत असे, पण शिल्लक बरोबर लागे. माझंही तसंच आहे. अठ्ठाविसावा अध्याय वाचताना मामा आजही आठवतात. आता मी तिथे घाई करत नाही. शेवटच्या ओवीपर्यंत सावकाश वाचतो, पोथीला नमस्कार करतो आणि पुढच्या अध्यायाकडे वळतो.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥