कॅल्शियम सांभाळ, बाकी होईल गं

कुपी रिकामी आली म्हणून एवढी घाबरलीस ना? रिकामी नाहीये गं ती. मायक्रोग्रॅमात मोजायचं वाळवलेलं प्रथिन डोळ्यांना जेमतेम दिसतं. मी तर अशी कुपी ट्यूबलाइटसमोर धरून बसायचे, आणि शेजारची पोरगी विचारायची, "ताई, काही हाललं का?" उघडण्याआधी कुपी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये जराशी फिरव, झाकणाला चिकटलेला चुरा खाली बसेल. मग डेटाशीटवर सांगितलेल्या द्रावणातच विरघळव. व्होर्टेक्स नको, फेस नको. एकेका प्रयोगापुरते अलिकॉट कर आणि उणे ८० ला ठेव. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे आहे तो मानवी ई-कॅडहेरिनचा फक्त पेशीबाहेरचा भाग. त्याचे पाच खंड असतात, आणि खंडाखंडांच्या सांध्यात कॅल्शियम बसलं की सगळं ताठ उभं राहतं. मग टोकाजवळचं ट्रिप्टोफॅन समोरच्या रेणूच्या खाचेत अडकतं. बघ, फुगडीत हात ढिले सोडले की पकड सुटते ना, तसंच. कॅल्शियम गेलं की पकड गेली.

म्हणून तू जो ईडीटीए सवयीने सगळीकडे टाकतेस ना, तो इथे लांब ठेव. तो कॅल्शियमच पळवतो. आणि "मग कॅल्शियम भरपूर घालते" म्हणून पीबीएसमध्ये ओतू नकोस, फॉस्फेटबरोबर साका बसेल. ट्रिस किंवा हेपेसच्या बफरमध्ये १–२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड पुरतं.

आणि तुझ्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत म्हणून काल रडलीस, तर एक गोष्ट ऐक. सत्तरच्या दशकात क्योटोचे मासातोशी ताकेइची अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत काम करायला गेले. घरच्या लॅबमध्ये ट्रिप्सिननंतर पेशी छान गोळा व्हायच्या, बाल्टिमोरमध्ये होईनात. माणूस तोच, पद्धतही जवळजवळ तीच. शेवटी कळलं, तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होता. कॅल्शियम असेल तर पेशींवरचं हे चिकटवणारं प्रथिन ट्रिप्सिनपासून बचावतं, नसेल तर ते कापलं जातं. त्या धाग्यावरूनच पुढे कॅडहेरिन सापडलं. तेव्हा तुझ्या ट्रिप्सिनच्या बाटलीवरचं लेबल आधी वाच. महागड्या कुपीवर संशय नंतर घे.

जेलवर पट्टा वर दिसला म्हणूनही दचकू नकोस. टॅग सोडून हा बाहेरचा भाग हिशेबाने ६० किलोडाल्टनच्या आसपास भरतो, पण त्यावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यामुळे तो वर धावतो. वजनापेक्षा सुरुवात कुठे आहे ते बघ. पुढचा प्रो-भाग कापला जाऊन १५५ व्या ॲस्पार्टेटपासून प्रथिन सुरू व्हायला हवं. तो भाग तसाच राहिला तर कॅल्शियम कितीही दे, चिकटणार नाही.

उंदराचं चालेल का, असं तुझे गाईड विचारतील, स्वस्त मिळालं की हमखास. कधी चालतं, कधी नाही. लिस्टेरिया जिवाणूचं इंटर्नालिन मानवी ई-कॅडहेरिनला धरतं, उंदराच्या नाही, कारण प्रो-भाग कापल्यानंतरच्या प्रथिनात १६ व्या जागी आपल्यात प्रोलिन असतं आणि उंदरात ग्लुटामेट. एवढ्याशा फरकाने अख्खा प्रयोग फिरतो गं.

प्लेट लावताना घाई नको. एफसी टॅग असेल तर आधी एफसीला धरणारी अँटिबॉडी लाव, म्हणजे प्रथिनाचं टोक वर राहील. नुसत्या एफसीचा एक कप्पा ठेव, आणि एका कप्प्यात मुद्दाम ईडीटीए घाल. तिथे पेशी सुटल्या पाहिजेत. पेशी म्हणशील तर एमसीएफ-७ घे, त्यांच्यात ई-कॅडहेरिन असतं. शेजारी एमडीए-एमबी-२३१ ठेव, त्यांच्यात नसतं. दोन्ही सारख्याच चिकटल्या तर चिकटवणारं दुसरंच काहीतरी आहे, बहुतेक तुझं ब्लॉकिंग कमी पडलंय.

हे सगळं तुला जमणार आहे, पिपेट धरायला तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. अलिकॉटवर तारीख आणि सांद्रता लिही, मार्कर अल्कोहोलने पुसला जाणार नाही असा घे. आणि आज डबा खाऊनच लॅबमध्ये शीर, उपाशीपोटी प्लेट लावायची नाही.